गाव, तारीख आणि विषाणू : राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे फ्लूच्या मागावरचे काम

१९५२ साली दोन ठिकाणी दोन कामे सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या विषाणूवर नजर ठेवण्यासाठी देशोदेशीच्या प्रयोगशाळांचे जाळे विणायला घेतले. इकडे पुण्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ उघडले. या दोन कामांचा तेव्हा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता. पुण्याच्या केंद्राचे लक्ष डास आणि गोचिडांमार्फत पसरणाऱ्या तापांवर होते. फ्लू त्याच्या यादीत फार पुढे कधीतरी आला. हेच केंद्र म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, लोकांच्या तोंडची ‘एनआयव्ही’.

संस्थेचा सगळा इतिहास एका लेखात मावणारा नाही. म्हणून येथे एकच धागा घेतला आहे : फ्लूचा विषाणू कुठून निघाला, कोणत्या वाटेने आला आणि वाटेत कसा बदलला, हे त्याच्या वंशावळीवरून शोधण्याचे काम पुण्यात कसे उभे राहिले. हा धागा पुण्याच्या कॅम्पातल्या डॉ. आंबेडकर रस्त्यावर सुरू होतो, पण तेथेच संपत नाही. नवापूर आणि जळगावच्या पोल्ट्री शेडमधून तो मेळघाटातल्या कोरकू वस्तीपर्यंत जातो. सातपुड्याची जी रांग मेळघाटातून अंबाबरव्याच्या जंगलाकडे आणि तेथून बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्याच्या शिवाराकडे उतरते, त्याच रांगेत भारतातील एका नव्या फ्लूची पहिली नोंद झाली आहे.

संस्थेच्या आधीचा फ्लू

वऱ्हाडाला फ्लू नवा नव्हता. १९१८ च्या जून महिन्यात मुंबई बंदरात साथ उतरली आणि सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या, अधिक मारक लाटेत ती लोहमार्गांनी देशाच्या आत शिरली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आपली स्टेशने मुंबई–नागपूर मार्गावरचीच. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक होरपळलेल्या मुलखांपैकी एक होता. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. देशभरातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात.

पण त्या साथीचा भारतातला माग आज काढायचा तर हाती फक्त मृत्यूच्या नोंदवह्या आहेत. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या आठवड्यात मृत्यू वाढले, यावरून साथीची दिशा सांगता येते. विषाणू कसा बदलत गेला, हे मात्र सांगता येत नाही. २००५ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१८ च्या विषाणूचा संपूर्ण जनुकक्रम जुळवला, तो अमेरिकी सैनिकांच्या जपून ठेवलेल्या ऊतींवरून आणि अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका देहावरून. जेथे सर्वांत जास्त माणसे गेली, त्या भारतातला एकही नमुना त्यात नव्हता.

१९५७ चा ‘आशियाई फ्लू’ मे महिन्यात सिंगापूरहून जहाजाने मद्रासला आला आणि देशभर पसरला. तेव्हा देशाचे फ्लू केंद्र नीलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते. सरकारदरबारी सुमारे ४४ लाख रुग्णांची नोंद झाली. पुण्याच्या केंद्रातली माणसे त्याच वर्षी शिमोग्याच्या जंगलात होती. तेथे माकडे मरत होती आणि जंगलात जाणाऱ्या माणसांना ताप येत होता. त्या तापाचा विषाणू पुण्याच्या केंद्राने वेगळा केला आणि त्या जंगलाच्या नावावरून आजार ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावातल्या दोन तापकरी रुग्णांच्या रक्तातून आणखी एक नवा विषाणू मिळाला. भट आणि रॉड्रिग्ज यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि विदर्भातल्या एका गावाचे नाव जगाच्या विषाणूशास्त्रात कायमचे गेले.

या कामातून केंद्राला एक शिस्त लागली. नमुना कोणत्या गावचा, कोणत्या तारखेचा, कोणत्या माणसाचा, प्राण्याचा किंवा डासाचा, हे लिहिल्याशिवाय तो शीतकपाटात जायचा नाही. त्या काळी ती कारकुनी बाब वाटली असेल. पुढे फ्लूच्या वंशावळीचे सगळे गणित याच तीन नोंदींवर उभे राहिले.

पुण्याचे दवाखाने आणि पावसाळा

साठच्या दशकाच्या अखेरीस रॉकफेलर फाउंडेशनने हात काढून घेतला आणि केंद्र पूर्णपणे भारतीय झाले. १९७८ साली त्याला ‘राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी डॉ. खोर्शेद पावरी संचालक झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. फ्लूचे नियमित काम याच काळात रुजले. डॉ. बी. एल. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या रुग्णांच्या घशाचे नमुने वर्षानुवर्षे गोळा केले. १९७८ ते १९९० या काळातील निरीक्षणांचा आढावा राव आणि डॉ. कल्याण बॅनर्जी यांनी १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. डॉ. पावरींनंतर डॉ. बॅनर्जी हेच संस्थेचे संचालक झाले होते.

तेव्हाची पद्धत संथ होती. घशातून घेतलेला नमुना बर्फात ठेवून आणायचा, कोंबडीच्या भ्रूण असलेल्या अंड्यात टोचायचा आणि विषाणू वाढतो का ते पाहायचे. वाढलाच, तर तो लाल रक्तपेशींना एकत्र चिकटवतो का आणि कोणत्या प्रतिपिंडांनी ते चिकटणे थांबते, यावरून त्याचा प्रकार ठरे. विषाणू ‘ए’ की ‘बी’, एच१ की एच३, आणि लंडनहून किंवा अटलांटाहून आलेल्या संदर्भ-विषाणूशी तो किती जुळतो, एवढे कळे. तो कोणाचा वंशज, हे कळत नसे.

तरीही त्या कामातून एक ठोस गोष्ट पुढे आली. युरोप-अमेरिकेत फ्लू हा थंडीचा आजार. पुण्यात मात्र त्याचा जोर पावसाळ्यात दिसत होता. जून-जुलैत शाळा उघडतात, घरात दारे-खिडक्या लावून माणसे जवळ बसतात आणि हवा दमट असते. भारतातल्या फ्लूचे वेळापत्रक वेगळे आहे, हे या नोंदींनी सांगितले. ते देशभराच्या पातळीवर सिद्ध व्हायला मात्र आणखी दोन दशके गेली.

वंशावळ लिहिण्याची रीत

फ्लू ‘ए’च्या विषाणूचा जनुकसंच आठ सुट्या तुकड्यांचा असतो. सगळे मिळून साधारण १३,५०० अक्षरे. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना चुका करतो आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. बहुतेक चुका नष्ट होतात, काही टिकतात. पेशीला चिकटण्यासाठी लागणाऱ्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाच्या जनुकात सुमारे १,७०० अक्षरे असतात. माणसांतल्या एच३एन२ विषाणूत त्यांतली पाच-दहा अक्षरे दरवर्षी कायमची बदलतात. दोन विषाणूंमध्ये एकच चूक सापडली, तर ती बहुधा एकाच पूर्वजाकडून आलेली असते. अशा समान चुका लावत गेले की शाखा तयार होतात आणि शाखांचा वृक्ष होतो. बदलांचा वेग ठाऊक असल्याने दोन शाखा साधारण कोणत्या वर्षी, कधीकधी कोणत्या महिन्यात वेगळ्या झाल्या, हेही काढता येते.

वऱ्हाडातल्या घराण्यांची नावे भाटाच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या गावाहून उठून कोणत्या गावी गेला. विषाणूची वंशावळ तशीच आहे, फक्त ती विषाणू स्वतःच्या अंगावर लिहून ठेवतो. गाव आणि तारीख मात्र तो लिहीत नाही. ती माणसाने लिहायची असते. म्हणूनच फ्लूच्या प्रत्येक नमुन्याच्या शास्त्रीय नावात प्रकार, प्राणी, ठिकाण, क्रमांक आणि वर्ष असते. ठिकाण चुकले की वृक्षावरची वाट चुकते. एखाद्या मुलखातून नमुनेच आले नाहीत, तर तो मुलूख वंशावळीत नसतोच आणि विषाणू तेथून गेला असला तरी तिसऱ्याच देशातून आल्यासारखा दिसतो.

आठ तुकडे सुटे असल्यामुळे आणखी एक गुंता होतो. एकाच पक्ष्याला दोन प्रकारचे फ्लू एकदम झाले, तर नव्या विषाणूत काही तुकडे एकाचे आणि काही दुसऱ्याचे येतात. म्हणून आठही तुकड्यांचे वृक्ष वेगवेगळे काढून ताडून पाहावे लागतात. २०१० साली संस्थेतील डॉ. शैलेश पवार आणि सहकाऱ्यांनी भारतातील एका वन्य पाणपक्ष्यात सापडलेल्या एच११एन१ विषाणूचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या तुकड्यांत युरेशियातल्या आणि अमेरिका खंडातल्या पक्ष्यांच्या विषाणूंचे मिश्रण निघाले. दोन खंडांतल्या घराण्यांची गाठ आपल्याकडच्या एका पक्ष्याच्या अंगात सापडली.

नवापूर, जळगाव आणि उत्तरेचे सरोवर

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ असल्याचे जाहीर झाले. भारतातली ही पहिलीच नोंद. पक्ष्यांचे निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा प्राणिरोग प्रयोगशाळेने केले, माणसांचे नमुने पुण्याला आले. माणसांत संसर्ग आढळला नाही. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. पुढच्या महिन्यात साथ जळगाव जिल्ह्यात आणि मार्चअखेरीस मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात पोहोचली. हे दोन्ही जिल्हे बुलढाण्याला लागून आहेत. त्या महिन्यांत आपल्या भागातल्या आठवडी बाजारांतही कोंबडीचे गिऱ्हाईक नाहीसे झाले होते, हे पन्नाशीतल्या वाचकांना आठवत असेल.

संस्थेने या विषाणूंचे सर्व आठ तुकडे वाचले. तो २.२ या शाखेचा निघाला. २००५ च्या मे महिन्यात चीनमधील छिंगहाय सरोवरावर पट्टकादंब हंस हजारोंनी मेले, तेव्हा जी शाखा ओळखली गेली तीच ही. तिथून ती वर्षभरात युरोप आणि आफ्रिकेपर्यंत गेली होती. पट्टकादंब हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतात उतरतात. त्यामुळे बोट त्यांच्याकडे गेले. पण कोंबड्यांच्या व्यापारातूनही विषाणू तितकाच दूर जातो. वंशावळ नाते सांगते, गाडी कोणती होती ते नेहमीच सांगत नाही. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हा फरक सांभाळला.

या कामाचा एक व्यवहारी परिणाम झाला. संभाव्य महासाथीसाठी आधीच तयार ठेवायच्या लसबीजांच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ‘ए/चिकन/इंडिया/एनआयव्ही३३४८७/२००६’ हा विषाणू दाखल झाला. १९५२ साली एकमेकांना न ओळखणारी दोन कामे येथे एका ओळीत आली.

पुणे, २००९

मे २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा नवा एच१एन१ भारतात आला. ३ ऑगस्ट रोजी पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, एका शाळकरी मुलीचा. शाळा, चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, रुमालाचे मुखवटे झाले. डॉ. ए. सी. मिश्रा तेव्हा संचालक होते. दिवसभर येणाऱ्या नमुन्यांची तपासणी करतानाच संस्थेने काही विषाणू वाढवून त्यांचे जनुकक्रम वाचले.

डॉ. वर्षा पोतदार आणि सहकाऱ्यांनी मे ते सप्टेंबरमधील १३ भारतीय विषाणूंची तुलना जगभरातून तोवर उपलब्ध झालेल्या ६८५ संपूर्ण जनुकसंचांशी केली. जगभर ओळखल्या गेलेल्या शाखांपैकी मे महिन्यातला पहिला विषाणू पाचव्या शाखेचा होता. त्यानंतर देशात सहावी आणि सातवी या दोन शाखा बरोबरीने फिरत होत्या आणि सातवीचे पारडे जड होते. म्हणजे साथ एका प्रवाशाने आणली आणि तीच वाढत गेली, असे झाले नव्हते. विषाणू अनेकदा, अनेक वाटांनी आला होता. सगळ्या नमुन्यांत ऑसेल्टामिविर या औषधाला दाद देण्याची खूण शाबूत होती, म्हणजे टॅमिफ्लू देत राहण्यात अर्थ होता. मृत रुग्णांकडून मिळालेल्या आठ विषाणूंपैकी दोहोंत डी२२२जी हा बदल होता. त्याचा आजाराच्या तीव्रतेशी संबंध पुढे तपासायला हवा, एवढेच त्या लेखात म्हटले आहे.

हा सावधपणा २०१५ साली उपयोगी पडला. त्या वर्षी देशात एच१एन१ चे ४२ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ३ हजार मृत्यू झाले. मार्चमध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या दोन संशोधकांनी २०१४ च्या एका भारतीय विषाणूच्या क्रमावरून असे मांडले की भारतातला विषाणू अधिक घातक झाला असावा. बातम्यांनी देशभर घबराट पसरली. आरोग्य मंत्रालयाने पुण्याच्या तपासणीच्या आधारे ते नाकारले. शास्त्रीय मुद्दा साधा होता : एक-दोन क्रमांवरून देशाचा निष्कर्ष निघत नाही. या वादातून दोन्ही बाजूंना एकच धडा मिळाला. भारतातून जनुकक्रम जास्त संख्येने आणि लवकर बाहेर यायला हवेत.

देशाचे तीन ऋतू, जगाच्या वाटा

२००४ पासून संस्थेने देशातल्या अनेक शहरांत फ्लूचे सर्वेक्षण उभे केले. डॉ. मनदीप चढ्ढा यांनी ते चालवले. २००९ ते २०१३ या काळात १० शहरांतून ४४,१२७ रुग्णांचे नमुने तपासले गेले. त्यांतले ६,१९३, म्हणजे १४ टक्के, फ्लूचे निघाले. दिल्ली, लखनौ, पुणे, नागपूर, कोलकाता, दिब्रुगड, अलप्पुळा येथे जुलै ते सप्टेंबर, चेन्नई-वेल्लोरला ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि श्रीनगरला जानेवारी ते मार्च, असे तीन वेगळे हंगाम स्पष्ट दिसले. पुण्यातल्या जुन्या नोंदींनी जे सुचवले होते, ते आता देशाच्या नकाशावर आले. त्यातून निघालेला सल्ला सोपा आहे : विदर्भात फ्लूची लस घ्यायची तर ती एप्रिल-मेमध्ये, हिवाळ्याची वाट न पाहता.

हेच नमुने जगाच्या वंशावळीतही गेले. २०१५ साली ‘नेचर’मध्ये फ्लूच्या जागतिक प्रवासावरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० ते २०१२ मधील ९,६०४ हिमॅग्लुटिनिन क्रम त्यात होते आणि लेखकांत डॉ. चढ्ढा व डॉ. पोतदार यांची नावे आहेत. त्या अभ्यासाचे म्हणणे असे की एच३एन२ बहुतेक ठिकाणी दोन साथींच्या मधल्या काळात टिकत नाही. पूर्व आणि आग्नेय आशियातून तो पुन्हा पुन्हा पेरला जातो. जुना एच१एन१ आणि ‘बी’ प्रकारचे विषाणू मात्र एकेका प्रदेशात अनेक हंगाम तग धरतात. कारण वयात आहे. एच३एन२ मोठ्यांना अधिक धरतो आणि मोठी माणसे विमानाने देश ओलांडतात. ‘बी’ आणि एच१एन१ मुलांना अधिक धरतात आणि मुले फार तर शाळेत आणि मामाच्या गावाला जातात. भारतातले नमुने नसते, तर एवढ्या मोठ्या लोकसंख्येचा प्रदेश या नकाशात कोराच राहिला असता.

मेळघाटातला नमुना

मेळघाटात डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ संस्था अनेक वर्षे बालमृत्यूंवर काम करते आहे. तेथील ९३ आदिवासी गावांत लहान मुलांच्या श्वसनाच्या एका वेगळ्याच विषाणूचा अभ्यास सुरू होता. घरोघरी जाऊन आजारी बाळांच्या नाकातून नमुने घेतले जात आणि पुण्याला पाठवले जात. २०१९ च्या सुरुवातीला १७ महिन्यांच्या एका मुलाचा नमुना आला. त्यात एच९एन२ हा कोंबड्यांमधला फ्लू निघाला. माणसातली ही भारतातली पहिली नोंद होती.

संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर दोन घराणी एकत्र दिसली. काही तुकडे ‘जी१’ वंशाचे होते. या वंशाला नाव मिळाले ते १९९७ साली हाँगकाँगमधल्या एका लावा पक्ष्यात सापडलेल्या विषाणूवरून. उरलेल्या काहींचे नाते एच७एन३ या पक्ष्यांच्या फ्लूशी होते. उपलब्ध औषधे त्यावर चालतील, असेही क्रमावरून कळले. मुलाचा कोंबड्यांशी संपर्क झाल्याचा स्पष्ट धागा मात्र मिळाला नाही. डोंगरातल्या एका वस्तीपर्यंत विषाणू कसा पोहोचला, याचे उत्तर त्या भागातल्या परसातल्या कोंबड्यांचे नमुने आधीपासून घेतले असते तर कदाचित मिळाले असते.

हा शोध फ्लूच्या सर्वेक्षणातून लागलेला नाही. बाळे का मरतात, हे शोधणाऱ्यांनी नमुना घेतला, त्यावर गाव आणि तारीख लिहिली आणि तो थंड ठेवून पुण्यापर्यंत नेला, म्हणून लागला.

कोरोना आणि त्यापुढे

२०१२ च्या डिसेंबरात पाषाणच्या आवारात संस्थेची चौथ्या जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा सुरू झाली होती. ३० जानेवारी २०२० रोजी देशातला कोरोनाचा पहिला रुग्ण नक्की केला तो पुण्याच्याच संस्थेने. तेथे वेगळ्या केलेल्या विषाणूवरून पुढे ‘कोव्हॅक्सिन’ तयार झाली. फ्लूसाठी घडवलेला हात येथे कामी आला. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती, अकोला, बुलढाण्यात रुग्ण वाढू लागले, तेव्हा डॉ. सारा चेरियन, डॉ. पोतदार आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या विषाणूच्या काट्यासारख्या (स्पाइक) प्रथिनातील बदलांची मांडणी केली. पुढे जगाने ‘डेल्टा’ म्हणून ओळखलेल्या घराण्याच्या सुरुवातीच्या फांद्या त्यात होत्या.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात ‘राष्ट्रीय वन हेल्थ संस्थे’ची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि जंगल यांचे आजार एकत्र पाहणे हा तिचा हेतू. त्याची निकड विदर्भाला लवकरच कळली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि त्यांच्यात एच५एन१ सापडला.

सत्तरहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत यंत्रे बदलली. अंड्यात विषाणू वाढायची वाट पाहण्याचे दिवस गेले, आता पूर्ण जनुकसंच थोड्या दिवसांत वाचून होतो. अडचण पुण्यात उरलेली नाही. सर्वेक्षणाचा नकाशा अजून मुख्यतः शहरांचा आहे. विदर्भाच्या वाट्याला त्यात नागपूर आले, आणि मेळघाट आला तो एका वेगळ्या अभ्यासाच्या आडून. जेथे शेत, परसातली कोंबडी, स्थलांतरित पाखरांचे तलाव आणि वाघाचे जंगल एका शिवारात येतात, ते संग्रामपूर-जळगाव जामोदचे पट्टे मधल्या रिकाम्या जागेत आहेत. सोनाळ्याच्या दवाखान्यात पावसाळ्यात येणाऱ्या खोकल्या-तापाच्या रुग्णांपैकी थोड्यांचे नमुने नेमाने अकोला किंवा नागपूरमार्गे पुण्याला गेले, आणि गावात कोंबड्या एकदम मेल्या तर ती खबर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचली, तर संस्थेच्या पुढच्या इतिहासात हा पट्टा असेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. थंड पेटी, नियमित गाडी आणि नीट भरलेला फॉर्म लागतो.